उगीवेल

"ताई, साखर किती घालू?" रोहिदासनं विचारलं, आणि कमळजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साखरेचा त्यात काही दोष नव्हता. पण ज्याची बायको पाच महिन्यांपूर्वी कारखान्यात कोंडली जाऊन गुदमरून मेली, तो माणूस गाणं गुणगुणत चहा ढवळत होता. घर लख्ख आवरलेलं होतं. भिंतीवर वैजयंताचा फोटो होता आणि फोटोला ताजा हार होता. हार तो रोज न चुकता बदलतो, असं शेजारणीनं कौतुकानं सांगितलं होतं. भाऊंनी किती छान सावरलं हो स्वतःला, असंही ती म्हणाली होती.

टेबलावर चौकशी समितीचं पत्र होतं. त्यावर त्यानं चहाचं पातेलं ठेवलं होतं.

"हे वाचलंस का?" कमळजानं पातेलं उचलून पत्र ओढून घेतलं.

"वाचलं की. सोळा तारखेला बोलावलंय. काही म्हणायचं असेल तर या, म्हणतात."

"मग काय म्हणणार आहेस?"

"काय म्हणायचं? दार अडकलं होतं म्हणतात."

"म्हणतात? रोहिदास, तू तिथं होतास ना?"

"होतो की. दाराबाहेरच होतो." त्यानं कप तिच्यापुढं सरकवला. "घडायचं ते घडलं, ताई. लोहकरे साहेब फार चांगले वागले. दहाव्याला स्वतः आले होते."

लोहकरे म्हणजे पाळीवरचा सुपरवायझर. संगमनेरच्या पुढं जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या फोडून धातू काढण्याचा कारखाना होता. रोहिदास आणि वैजयंता दोघं तिथं कामाला होते. बॅटऱ्या निवडायच्या खोलीत धूर कोंडला आणि आतल्या तीन बायका गेल्या. बाहेर अकरा जण उभे होते. त्यातल्या दहांनी 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून दिलं होतं. अकरावा रोहिदास. सोळा तारखेला तोही गप्प बसला की फाईल बंद होणार होती, आणि त्याच दाराआड दुसऱ्या तीन बायका बसणार होत्या.

कमळजानं त्याचा डावा दंड धरला. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी बोटाला लागलं. साऱ्या कारखान्याच्या दंडात असा दाणा होता. लोक त्याला कांडी म्हणायचे. ती कांडी जगाला देणाऱ्या बाईचं नाव डॉक्टर कमळजा घोडे होतं, म्हणून तिला दुसऱ्या कुणावर धड ओरडताही येईना.

*

अकोले तालुक्यात घाटमाथ्याच्या कड्याखाली पाझराच्या कडेनं एक वेल येते. पानं ब्राह्मीसारखी, पण जाड. मूळ बोटभर, तपकिरी. वाडीतली माणसं तिला उगीवेल म्हणतात, कारण मूळ उगाळताना देणारी बाई 'उगी, उगी' म्हणत असते. कमळजाची आत्या ठमाबाई ही मुळी द्यायची. बिबट्या समोरून गेल्यानं बोबडी वळलेला गुराखी, बाळंत झाल्यावर आढ्याकडं बघत बसणारी बाई, बुजलेलं पोर, अगदी माजलेला बैलसुद्धा तिच्या अंगणात यायचा. सहाणेवर पाण्याचा थेंब टाकून मुळीचे सात वेढे उगाळायचे आणि एका घोटात पाजायचे. माणूस निवायचं.

अठरा वर्षांपूर्वी वाडीतली पहिली डॉक्टरेट झालेली कमळजा ही मुळी पुण्याच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. तिथं तिनं जे शोधलं ते खरोखर मोठं होतं.

आपल्यावर काही आघात झाला की मेंदू दोन गोष्टी जपून ठेवतो. एक म्हणजे घडलं काय, आणि दुसरी म्हणजे ते किती झोंबलं. दुसरीचं ठाणं कानशिलाच्या आत, बदामाएवढ्या एका भागात असतं. या दोहोंची गाठ लगेच बसत नाही. ती पुढच्या काही तासांत, विशेषतः झोपेत, हळूहळू आवळली जाते. उगीवेलीतलं द्रव्य ती गाठ बसूच देत नाही. घडलेलं सगळं आठवतं, नुसतं झोंबत नाही. दंगलीतून वाचलेली पोरं झोपू लागली. फास लावून घ्यायला निघालेली माणसं माघारी आली. आयांची पत्रं यायची कमळजाला, आणि ती पत्रं खोटी नव्हती.

मग ते द्रव्य यीस्टकडून बनवून घेता येऊ लागलं, आणि एका कंपनीनं ते पाच वर्षं थेंबाथेंबानं झिरपत राहील अशी कांडी काढली. कारखान्यांत मनःस्वास्थ्य योजना आली. नावं किती गोंडस ठेवतात मेले. भांडणं थांबली, संप थांबले, जादा पाळीला कुणी नाही म्हणेना. मुळी ठमाबाईची, अक्कल कमळजाची, आणि कारखानदार आयत्या बिळावर नागोबा. कमळजाला शाल-श्रीफळ मिळालं. एका बैठकीत तिनं 'पाच वर्षं जरा जास्त होतात' असं म्हटलं होतं. अध्यक्ष 'बघू' म्हणाले होते आणि मग सगळे जेवायला गेले होते.

*

"आपण ही कांडी काढून टाकू," ती रोहिदासला म्हणाली.

"काढू."

"नीट विचार कर. काढल्यावर त्रास होईल. फार त्रास होईल."

"तू म्हणतेस तर काढू की."

"अरे, एकदा तरी नको म्हण."

"नको म्हणू का?" त्यानं प्रामाणिकपणे विचारलं.

तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. लहानपणी हाच पोरगा गोट्यांत हरला तर दोन दिवस जेवायचा नाही. वैजयंताशी लग्न ठरवताना सगळ्या भावकीशी भांडला होता. आता त्याच्याकडं कुणीही कशावरही होकार मागावा आणि त्यानं द्यावा. लोहकऱ्यानं मागितला असता तर त्यालाही दिला असता. असल्या होकाराला होकार म्हणायचं तरी कसं? पण तिनं तो घेतला. दुसरा इलाजच नव्हता.

डॉक्टरांनी पाच मिनिटांत कांडी काढली आणि चिकटपट्टी लावली. कमळजानं संस्थेत रजा टाकली आणि भावाकडंच मुक्काम ठोकला. रोज त्याच्या रक्ताचा थेंब घेऊन ती तपासायची. पाचव्या दिवशी द्रव्य पार उतरलं. ती त्याच्या तोंडाकडं बघत बसली. आता कोसळेल, मग कोसळेल.

रोहिदासनं वांग्याचं भरीत केलं. तिला वाढलं. "मीठ बरोबर आहे का?" म्हणाला.

सहाव्या दिवशीही तो गुणगुणतच उठला. दुपारी दार वाजलं म्हणून तिनं उघडलं, तर लोहकरे कागद घेऊन उभा होता. दहा जणांनी दिला तसलाच कागद. माणूस हसतमुख होता. त्याच्याही दंडात कांडी असणार.

"ताई, तेवढी सही झाली की रोहिदासला सोळाला यायचा त्रास नको," तो म्हणाला.

"द्या, पेन आहे माझ्याकडं," आतून रोहिदास म्हणाला.

कमळजानं कागद घेतला, चार तुकडे केले आणि लोहकऱ्याच्या हातात दिले. लोहकरे तुकड्यांकडं बघून म्हणाला, "काही हरकत नाही, दुसरा आणतो." खरंच त्याची काही हरकत नव्हती. तिनं दार लावलं आणि दाराला टेकून ती ढसाढसा रडली, आणि रोहिदासनं तिला पाणी आणून दिलं.

तेव्हा तिला आपली चूक कळली. औषधानं राग दाबून ठेवला आहे, औषध काढलं की तो वर येईल, असं ती समजत होती. पण राग दाबलेला नव्हताच. त्या रात्री गाठ बसायची ती बसलीच नाही. बांधलेली गाठ सुटली असती तर परत बांधता आली असती. इथं वैजयंताचं मरण त्याच्या डोक्यात एखाद्या परक्या गावाच्या बातमीसारखं पडून होतं. शास्त्रात पुढं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. तिनं रोहिदासला गाडीत घातलं आणि वाडीवर नेलं.

*

ठमाबाई ऐंशीच्या पुढं गेली होती, पण जीभ शाबूत होती. अंगणात नाचणी पाखडत होती. भाच्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिनं बराच वेळ बघितलं. मग त्याला पाझरावर पाणी आणायला पिटाळलं, आणि कमळजाकडं वळली.

"कितीक दिस दिली ह्याला?"

"चार वर्षं."

सूप खाली ठेवलं गेलं. "चार वर्सं? अगं, बैलालाबी म्या चार दिस दिली न्हाई कव्हा."

"आत्या, मी नाही दिली. कंपनीनं."

"मुळी माझ्या अंगणातून कोन घेऊन गेलं? कंपनी आली व्हती का चढ चढून? आन कोरडी? कोरडी सांगनी घेतली का कुनी त्याची?"

कमळजाला आठवलं, आणि आठवलं ते तिला नको होतं.

मुळी दिली की तिसऱ्या दिवशी माणसानं पहाटे परत यायचं, असा वाडीचा रिवाज. चहा नाही, पाणी नाही, मुळी तर नाहीच. कोरड्या तोंडानं, जे घडलं ते पहिल्यापासून शेवटापर्यंत सांगायचं. त्याला कोरडी म्हणायचे. ठमाबाई नुसती ऐकायची. माणूस तिथं रडायचं, शिव्या द्यायचं, मातीत हात आपटायचं. मग उठून घरी जायचं.

प्रयोगशाळेचा छापील तक्ता होता. वनस्पतीचं नाव, वापरायचा भाग, मात्रा, अनुपान, काळ. शेवटचा रकाना 'इतर रूढी व समजुती'. सात वेढ्यांचं वजन कमळजानं मिलिग्रॅममध्ये तीन दशांशांपर्यंत मोजून मात्रेत भरलं होतं. कोरडी तिनं शेवटच्या रकान्यात टाकली होती. 'तिसऱ्या दिवशी रुग्णाशी गप्पा,' असं लिहिलं होतं तिनं. ज्या वाडीत ती जन्मली, जिथं तिनं स्वतः आठव्या वर्षी कोरडी सांगितली होती, तिथल्या पोरीनं. साहेब लोकांपुढं आपली आत्या अडाणी दिसू नये म्हणून. तो रकाना पुढं कुणी वाचलाही नाही.

आणि अंगणात उभ्या उभ्या तिला शास्त्रही उलगडलं. आठवण काढली की ती काही काळ मऊ होते, आणि परत ठेवताना त्या घडीला मनात जे असेल त्याच्यासकट घट्ट होते. हे कुठल्याही पुस्तकात होतं. अंगात मुळी असताना आठवाल तर ती निवलेलीच परत जाते. कोरड्या तोंडी आठवाल, तर राहिलेली गाठ आता बसते. मुळी म्हणजे अर्धंच औषध होतं. आघाताच्या पहिल्या तडाख्यातून माणसाला सांभाळून नेणारं, तीन दिवसांचं. उरलेलं अर्धं तिनं गप्पा म्हणून फेकून दिलं होतं.

"आत्या, तू घे त्याची कोरडी. उद्या."

"म्या न्हाई घ्यायची. ज्यानं मुळी दिली, त्यानंच ऐकायची. तसाच कायदा हाय." ठमाबाईनं सूप परत उचललं. "ध्यानात ठिव. 'मंग' एवढंच बोलायचं. मधी हात लावायचा न्हाई, डोळं पुसायचं न्हाई. आन उगी म्हनायचं न्हाई. कायबी झालं तरी."

*

पहाटे अंगणात रोहिदास मांडी घालून बसला. कमळजा समोर बसली. म्हातारी आत पाठ करून पडली होती.

"दुपारची पाळी होती," तो सांगू लागला. आवाज सपाट होता. "वैजूनं डब्यात शेंगदाण्याची चटणी दिली होती. जेवण झालं. ती निवडायच्या खोलीत गेली."

"मग?"

"एक बॅटरी फुगलेली होती. फट्‌ असा आवाज झाला. धूर यायला लागला. लोहकरे साहेबांनी दार ओढून घेतलं आणि बाहेरून खिट्टी घातली."

"मग?" कमळजाचा आवाज चिरकला. दार अडकलं नव्हतं तर.

"दार बंद ठेवून आत वायू सोडतात. आग विझते. दार उघडलं तर हवा जाते आणि माल जळतो. साहेब म्हणाले, थांबा, दोन मिनिटं. आतून थापा पडत होत्या."

"मग?"

"थांबलो. सगळेच थांबलो. कुणाला काही वाटलं नाही." त्यानं घसा खाकरला. पाणी मागितलं. तिनं दिलं नाही. "मग वैजूनं हाक मारली. रोहिदास, म्हणाली. रोहिदास, दार उघडा."

कमळजाच्या तोंडून 'मग' निघेना. वैजयंतानं लग्नाला बारा वर्षं होऊनही नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. अहो म्हणायची. फार तर, ऐकलंत का. उखाण्यात नाव घ्यायची वेळ आली तरी लाजून पदर तोंडाला लावायची.

"मग?"

"मला वाटलं, आज हिनं नाव कसं घेतलं? सगळ्यांच्या देखत." त्याच्या कपाळावर शीर उठली होती. "मला गंमत वाटली. ताई, मला गंमत वाटली. मी हसलो असेन. ती आतून नाव घेत होती आणि मला गंमत..."

वाक्य पुरं झालं नाही. त्याच्या पोटातून जो आवाज निघाला तो ऐकून गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. त्यानं दोन्ही मुठी जमिनीवर हाणल्या, पुन्हा हाणल्या, बोटांची सालं निघाली. कमळजाचे हात पुढं गेले आणि तिनं ते मागं घेतले. उगी हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. तिनं तो गिळला. आयुष्यात एवढं कठीण काम तिनं दुसरं केलं नव्हतं.

"हातभर अंतरावर होती खिट्टी," तो म्हणाला. "नुसता हात लांबवायचा होता. मी का नाही काढली? सांग ना. तुला माहीत असेल. तूच बनवलीस ना ती कांडी?"

तिला माहीत होतं. राग म्हणजे डोकं फिरणं, एवढंच शिकवतात सगळे. मुकाट राहा, शांत राहा, शहाण्यासारखं वागा. पण थांबा म्हणणाऱ्या साहेबाला ढकलून खिट्टीकडं जो हात जातो, तो रागाचाच हात असतो. तो हात तिनं अकरा जणांचा कापून ठेवला होता. वैजयंता धुरानं मेली नव्हती. ती शांततेनं मेली होती.

"मग?" कमळजा म्हणाली. रडत म्हणाली, पण म्हणाली.

सूर्य वर येईपर्यंत तो बोलत होता. सगळं सांगून झाल्यावर उठला, पाझरावर गेला आणि ओंजळीनं पाणी प्यायला. त्यानंतर त्यानं तिला ताई म्हटलं नाही.

*

सोळा तारखेला सरकारी विश्रामगृहाच्या हॉलमध्ये चौकशी होती. चौकशी अधिकारी वाळिंबे बाई मध्ये बसल्या होत्या. डाव्या हाताच्या बाकावर, ज्याच्यावर ठपका येऊ शकतो म्हणून बोलावलं होतं तो लोहकरे बसला होता. उजव्या हाताला तज्ज्ञासाठी खुर्ची होती. कमळजानं आपणहून अर्ज केला होता. कांडी काय करते हे तिच्याइतकं अधिकारानं कोण सांगणार? रोहिदासच्या जबाबाला तिच्या साक्षीचा टेकू मिळणार होता.

रोहिदास उभा राहिला. हातांवर पट्ट्या होत्या. त्यानं खिट्टी सांगितली, दोन मिनिटं सांगितली, थापा सांगितल्या. आवाज चढला तशी वाळिंबे बाईंनी उगीवेलीच्या गोळ्यांची वाटी त्याच्याकडं सरकवली. सरकारी कचेऱ्यांत हल्ली असते तशी.

"शांत व्हा आधी."

"नाही व्हायचं मला शांत," रोहिदास म्हणाला, आणि वाटी त्यानं परत सरकवली. "नावं लिहून घ्या. पहिलं माझं. मी ऐकलं आणि उभा राहिलो. दुसरं, हे लोहकरे. खिट्टी यांनी घातली. तिसरं कमळजा घोडे."

बाईंनी पेन थांबवलं. "या तर तुमच्या बाजूनं आल्यात ना? बहीण ना तुमची?"

"बहीणच आहे. कांडी हिची आहे. अर्धं औषध दिलं हिनं, आणि अर्धं ठेवलं झाकून."

"हे बघा, त्यांचं नाव आरोपात आलं तर तज्ज्ञ म्हणून त्यांची साक्ष मला धरता येणार नाही. तुमचीच बाजू लंगडी पडेल. विचार करा."

"पडू द्या."

कमळजाला संताप आला. खोटं कशाला सांगायचं, भावाचाच आला. आयांची पत्रं आठवली, फासातून परतलेली माणसं आठवली. पाच वर्षांची कांडी तिनं काढली नव्हती, खिट्टी तिनं घातली नव्हती. बैठकीत ती बोलली होती. हे सगळं तिच्याकडं तयार होतं, आणि ते खरंही होतं. लोहकऱ्याच्या पंक्तीला बसवायचं मला? या माणसाच्या?

"तुम्हाला काही म्हणायचंय?" वाळिंबे बाईंनी तिला विचारलं.

तिनं रोहिदासकडं बघितलं. त्याचे डोळे लाल होते, जबडा आवळलेला होता, आणि तो तिच्यावरची नजर काढत नव्हता.

"लिहून घ्या," कमळजा म्हणाली.

ती तज्ज्ञाच्या खुर्चीवरून उठली, हॉल ओलांडून डाव्या बाकापाशी गेली. लोहकरे साहेबांनी हसून, सरकून तिला जागा करून दिली.